इंग्रजीतले तेच ते शब्द परत परत का चुकतात? घोळ कुठे आहे ते आधी बघा

"अर्थ माहीत आहे हो, फरकही पाठ आहे, पण लिहायला घेतलं की हटकून दुसराच शब्द उमटतो." मालवणात होमस्टे चालवणारे, रत्नागिरीत बारावीला बसलेली मुलं, दाभोळच्या जेटीवर पर्यटकांशी बोलणारी पोरं, सगळ्यांची तक्रार हीच. शब्दही ठरलेले: क्वाइट, लूज, ॲडव्हाइस, अफेक्ट, डेझर्ट. आणि उपायही सगळ्यांनी एकच करून पाहिलेला असतो. नेटवरून 'कन्फ्यूजिंग वर्ड्स'ची यादी उतरवायची, शेजारी मराठी अर्थ लिहायचे आणि घोकायचं. आठवडाभर बरं चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

यादी लागू पडत नाही, कारण ती मुळात आपल्यासाठी केलेलीच नसते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्या चुका वेगळ्या असतात. ती माणसं लहानपणापासून बरोबर ऐकतात, बरोबर बोलतात. चुकतो तो फक्त त्यांचा हात. 'देअर'ची दोन स्पेलिंगं, 'इट्स'मधला तो वरचा स्वल्पविराम, 'स्टेशनरी'तला ई की ए, हे घोळ लंडनच्या माणसाचेही होतात आणि याद्या त्यावरच बेतलेल्या असतात. पण तो माणूस 'शिप' आणि 'शीप' यांत कधी अडखळत नाही, आणि 'शेड' की 'शॅडो' हा प्रश्न त्याला पडतच नाही. ते घोळ आपले. आपण मात्र त्याची यादी पाठ करतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरं कारण जोडीचं आहे. चुकणारे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून एकदम शिकले की ते डोक्यातही शेजारीच राहतात आणि एकाला हाक मारली की दोघे उठतात. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये कृत्रिम शब्द शिकवून हे तपासलं होतं: अर्थाने जवळचे शब्द एका गटात दिले तर ते असंबद्ध शब्दांपेक्षा सावकाश शिकले जातात. १९९७ मध्ये रॉब वॅरिंग यांनी जपानी विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला आणि तोच कल दिसला. दिसायला किंवा ऐकायला जवळ असलेल्या शब्दांची गतही निराळी नसते. तरी आपल्याकडे गाईडमध्ये आणि फळ्यावर जोड्याच लिहिल्या जातात.

एक मेसेज उलगडून बघू

खालचा नमुना मी जुळवलेला आहे, पण मे महिन्यात किनारपट्टीवरच्या कुठल्याही होमस्टेच्या फोनमध्ये याची भावंडं सापडतील.

"डिअर सर, अवर होमस्टे इज अ व्हेरी क्वाइट प्लेस. ब्रेकफास्ट इज कॉम्प्लिमेंटरी. यू कॅन सिट इन द शॅडो ऑफ द मँगो ट्री. प्लीज रिमेंबर मी युवर ट्रेन टाइम. आय विल गिव्ह यू ॲडव्हाइझ अबाऊट द बोट."

रोमन लिपीत लिहिताना 'क्वाइट'चं स्पेलिंग क्यू-यू-आय-टी-ई असं पडलं, 'कॉम्प्लिमेंटरी'त एलनंतर ई आला आणि 'ॲडव्हाइझ'मध्ये एस. पाच वाक्यांत पाच घोळ, आणि फोनने एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढली नाही. ओढणार कशी? यातला प्रत्येक शब्द इंग्रजीत आहेच, फक्त इथे नको आहे. स्पेलिंग तपासणारी सोय शब्द आहे की नाही तेवढं बघते. तो जागेवर आहे का हे कधी तिच्या लक्षात येतं, कधी नाही. तिच्या भरवशावर राहू नये.

आता हे पाच घोळ एका जातीचे नाहीत. 'कॉम्प्लिमेंटरी' हा हाताचा घोळ आहे: दोन्ही शब्दांचा उच्चार जवळपास एकच, स्पेलिंग वेगळं. 'ॲडव्हाइझ' आणि 'क्वाइट' वरून हाताचे वाटतात, पण त्यांचं मूळ कानात आहे. 'शॅडो' आणि 'रिमेंबर' हे सरळ डोक्यातले, म्हणजे मराठीतून इंग्रजीत येताना वाट चुकलेले. तिन्हींचं औषध वेगळं.

कुठला घोळ कुठल्या जातीचा हे ओळखायची चाचणी सोपी आहे. घरातल्या कुणाला तरी दोन्ही शब्द उलटसुलट क्रमाने बोलायला सांगा किंवा फोनवरच्या शब्दकोशातला उच्चार लावा. दोन वेगळे शब्द बोलले जात असून तुम्हाला एकच ऐकू येत असेल, तर घोळ कानाचा. उच्चार खरोखरच सारखा असेल किंवा फरक नीट ऐकू येत असेल, पण लिहिताना चुकत असेल, तर हाताचा. आणि मनात मराठी वाक्य तयार आहे, पण इंग्रजीतला कुठला शब्द उचलायचा ते ठरत नसेल, तर डोक्याचा.

कानाचे घोळ

'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. लिहिताना वेगळे, बोलताना आपण दोन्ही सारखेच बोलतो, आणि संदर्भावरून भागतं. मराठी कानाला इकाराच्या लांबीचं फारसं सोयरसुतक नाही. इंग्रजीत मात्र याच फरकावर 'शिप' आणि 'शीप', 'लिव्ह' आणि 'लीव्ह', 'फिल' आणि 'फील' उभे आहेत. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर एक शब्द नक्की सांभाळावा: 'बीच'मधला ई आखूड झाला की बाईमाणसाला दिलेली शिवी होते. पाहुणा समजून घेतो, पण हसू दाबत.

नुसतं लांबवूनही पुरत नाही, कारण ते दोन वेगळे स्वर आहेत. 'शीप' म्हणताना ओठ हसल्यासारखे ताणले जातात आणि जीभ वर जाते. 'शिप' म्हणताना ओठ ढिले राहतात, जीभ जरा खाली येते आणि स्वर किंचित ए-कडे झुकतो. आरशासमोर दोन-चारदा म्हटलं की फरक दिसतो, आणि दिसला की ऐकूही यायला लागतो. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं खरं, पण बहुतेक वर्गांत ते डोळ्यांनी आणि पेन्सिलीने शिकवलं गेलं. कानाकडे कुणी बघितलंच नाही.

एस आणि झेडचा घोळ याहून महागात पडतो, कारण तो स्पेलिंगमध्ये उतरतो. 'लूज' असं आपण सरसकट म्हणतो. इंग्रजीत सैल या अर्थाचा शब्द 'लूस' आहे, शेवटी स्पष्ट स. त्यात ओ दोनदा. हरवणं, हरणं या अर्थाचा 'लूझ' आहे, त्यात ओ एकदाच. ज्याच्या तोंडी दोन्ही एकच आहेत, त्याने स्पेलिंग लक्षात ठेवायचं तरी कशाच्या आधारावर? 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ'चं तेच. सल्ला म्हणजे स-वाला, त्यात सी. सल्ला देणं म्हणजे झ-वाला, त्यात एस. गावच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेच्या बॅनरवर 'फर्स्ट प्राइस' दिसतं, त्याचा अर्थ पहिली किंमत. बक्षीस हवं असेल तर 'प्राइझ', झेड घालून.

हा झेड जमवायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. 'जाळं' किंवा 'जहाज' म्हणा. 'जीव'मधला ज वेगळा, 'जाळं'मधला वेगळा. 'जाळं' म्हणताना जिभेचं टोक दातांमागे टेकतं आणि सुटतं. ते टेकू न देता हवा घासत जाऊ द्या, इंग्रजी झेड तयार. आणखी एक खूण: झेडच्या आधीचा स्वर लांबतो, एसच्या आधीचा तुटक असतो. 'प्राइस' झटकन संपतो, 'प्राइझ' रेंगाळतो. कानाला शेवटचा आवाज पकडता आला नाही तरी ही लांबी पकडता येते.

'क्वाएट' हे शांत या अर्थाने दोन ठोक्यांत म्हणायचं, क्वाय-अट. ई आणि टी यांच्या क्रमाचा प्रश्न मग उरत नाही, कारण तुम्ही आवाज जसा काढता तसाच लिहिता: आधी ई, मग टी. बराचसा या अर्थाचा 'क्वाइट' एकाच ठोक्याचा. गंमत म्हणजे दोघेही एकाच लॅटिन शब्दातून आलेले, भाऊच.

व्ही आणि डब्ल्यू थोडक्यात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो आणि दातांचं काही काम नसतं. 'वेस्ट कोस्ट'ला दात लावले की पश्चिम किनाऱ्याचा बनियन होतो. मराठीत 'व्ह' लिहिलं म्हणजे व्ही, असा भरवसा ठेवू नका. 'व्हॅन'ला तो चालतो, पण 'व्हाइट' आणि 'व्हॉट्सॲप' हे डब्ल्यूचे आहेत.

'स्नॅक्स'ऐवजी 'स्नेक्स' लिहिलेल्या पाट्यांवर पुरेसे विनोद होऊन गेले आहेत. पाटीवर ई नको, एवढंच. ज्या परिसरात पावसाळ्यात खरोखर फुरसं निघतं तिथे तर नकोच नको.

डोक्यातले घोळ

इथे खरी मेख आहे, आणि याद्यांमध्ये नेमकं हेच नसतं.

आंब्याखाली बसायचं ती सावली आणि संध्याकाळी वाळूवर लांब पडते तीही सावली. इंग्रजीत पहिली 'शेड', दुसरी 'शॅडो'. ऊन लागत नाही अशी जागा म्हणजे शेड. वस्तूच्या आकाराचा काळा ठसा म्हणजे शॅडो. सोपं आहे, तरी लोक शेड टाळतात. का? कारण आपल्या अंगणात आधीच एक शेड आहे, पत्र्याची. त्या शेडमध्ये होडी, जुनी जाळी, लाकूडफाटा. तो शब्द एस-एच-ई-डी, आखूड ए. सावलीचा शब्द एस-एच-ए-डी-ई, त्यातला ए ओढून, जवळजवळ 'शेइड' असा. मराठीत दोन्ही 'शेड'च लिहितात. पाहुण्याला झाडाखाली बसवायचं म्हटल्यावर पत्र्याची शेड आठवते आणि माणूस घाबरून शॅडोकडे वळतो.

'किनारा' हा शब्द आपण सैल हाताने वापरतो, आणि मग इंग्रजीत बीच, शोअर, कोस्ट, बँक यांतला कुठला ते ठरत नाही. पण किनाऱ्यावरच्या बोलीत नेमके शब्द आहेत, त्यांना धरून चालावं. पुळण म्हणजे बीच: वाळू आणि चालायला जागा. काठ म्हणजे बँक; चिपळूण वाशिष्ठीच्या काठावर आहे, बीचवर नाही. किनारपट्टी म्हणजे कोस्ट, नकाशावर दिसते ती सगळी लांबी. जमीन आणि पाणी भेटतात ती कड म्हणजे शोअर, मग तिथे वाळू असो की कातळ. कातळाच्या कडेला घर असलेल्याने जाहिरातीत 'बीच' लिहिलं, तर पाहुणा पोहायचे कपडे घेऊन येतो आणि मग रिव्ह्यू लिहितो. तसंच खाडी म्हणजे क्रीक. आखात म्हणजे गल्फ, ते दुबईकडे.

म्हणून माझा आग्रह असा की इंग्रजी शब्द धुंडाळण्याआधी मराठी वाक्य नेमकं करा. बऱ्याचदा फरक मराठीत आधीच केलेला असतो. 'ऐकू येणं' म्हणजे हिअर, 'ऐकणं' म्हणजे लिसन. खोलीतून समुद्राची गाज ऐकू येते, तिथे हिअर. गाऱ्हाणं घालणाऱ्याचं आपण ऐकतो, तिथे लिसन, आणि त्याच्या मागे 'टू' हवाच. 'दिसणं' म्हणजे सी, 'बघणं' म्हणजे लुक किंवा वॉच. डॉल्फिन दिसले तर सी, तासभर बघत बसलात तर वॉच. 'उसने घेणं' बॉरो, 'उसने देणं' लेंड. इंग्रजी शब्दाच्या जागी घेणं-देणं ठेवून वाक्य वाचलं की कळतं.

याहून चांगलं हत्यार म्हणजे आपली प्रयोजक क्रियापदं. शाळेत व्याकरणाच्या तासाला ती कंटाळवाणी वाटली असतील, इथे ती कामाला येतात. शिकणं-शिकवणं, आठवणं-आठवण करून देणं, चढणं-चढवणं. शिकणं लर्न, शिकवणं टीच. आपण आठवतो तेव्हा रिमेंबर, दुसऱ्याला आठवण करून देतो तेव्हा रिमाइंड. भरती चढते तेव्हा 'राइज', सीझनला खोल्यांचे दर चढवले तर 'रेझ'. क्रिया आपली आपण होते की कुणीतरी करवतं, एवढा एकच प्रश्न. 'लाय' आणि 'ले' यांनाही तो लागू आहे, पडून राहणं आणि आणून ठेवणं, पण 'लाय'चं भूतकाळी रूप नेमकं 'ले' असल्यामुळे तिथे इंग्रजही गडबडतात. ते सोडून द्या.

नमुन्यातलं वाक्य मात्र 'रिमाइंड' लावूनही बरोबर होत नाही. तिथे मालकाला गाडीची वेळ कळवून हवी आहे, म्हणजे मराठीत 'सांगा'. म्हणून 'प्लीज टेल मी युवर ट्रेन टाइम'. 'से मी' नव्हे. 'से'ला माणूस थेट चिकटत नाही, 'टेल'ला चिकटतो.

आणि एक घोळ कुठल्याच यादीत सापडणार नाही. निघताना आपण 'येतो हं' म्हणतो, 'जातो' म्हणणं अशुभ. तेच इंग्रजीत 'ओके, आय ॲम कमिंग' होतं. पाहुणा उंबऱ्यात उभा राहून वाट बघतो, आणि हा पोहोचलेला असतो बाजारात.

हाताचे घोळ

आवाज एक आणि स्पेलिंगं दोन, हे इंग्रजीने मुद्दाम केलेलं नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली. त्याच काळात आणि पुढे दोन-तीनशे वर्षं लोकांचे उच्चार मात्र सरकत राहिले. 'मीट' म्हणजे भेटणं आणि 'मीट' म्हणजे मटण यांचे स्वर तेव्हा वेगळे होते, म्हणून एकात ईई आणि दुसऱ्यात ईए. स्वर पुढे एक झाले, अक्षरं जिथल्या तिथे राहिली. तेव्हा इथे तर्क शोधत बसू नका, खुंटी शोधा.

खुंटी एकाच शब्दाला ठोकायची, जोडीला नाही. वह्या-पेनांची 'स्टेशनरी' ई-वाली, पाकीट म्हणजे एन्व्हलप ई-ने सुरू होतं म्हणून. फुकट नाश्ता 'कॉम्प्लिमेंटरी' आय-वाला, कारण मालक म्हणतो 'आय' देतो. दुसरा, ई-वाला, म्हणजे एकमेकांना पूरक. होमस्टेच्या धंद्यात तो सहसा लागतच नाही, मग तो शिकायचा कशाला? जेवणानंतरच्या गोडाच्या 'डेझर्ट'मध्ये दोन एस. उकडीचा मोदक एकावर कोण थांबतो? वाळवंट एका एसचं, आणि कोकणात त्याची गरज नाही.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'साठी खुंटीपेक्षा मराठीची विभक्ती बरी. रिकाम्या जागेआधी 'चा' लागून 'परिणाम' बसत असेल, पावसाचा परिणाम, तर ई-वाला 'इफेक्ट'. पाऊस बोटींच्या फेऱ्यांवर परिणाम करतो, असं क्रियापद हवं असेल तर ए-वाला. याला अपवाद आहेत, पण ते सरकारी इंग्रजीत भेटतात.

'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस'मध्ये फोनच गोंधळ घालतो. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकेत, जिथे नोआ वेब्स्टरचा मोठा शब्दकोश १८२८ मध्ये निघाला, 'लायसन्स' दोन्हीकडे एसने आणि 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे सीने. कीबोर्डची भाषा 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' असेल तर बोटीच्या परवान्याचं बरोबर स्पेलिंगही तो चूक ठरवतो. सेटिंगमध्ये जाऊन 'इंग्लिश इंडिया' करा. बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी तर आजच.

तुमची स्वतःची यादी

दुसऱ्याची यादी फेकून द्या आणि आपल्या फोनमधून आपली काढा. व्हॉट्सॲपच्या शोधपट्टीत क्यू-यू-आय-टी-ई टाका, तुम्ही पाठवलेले सगळे मेसेज समोर येतील. मग दोन ओ-वाला 'लूस', मग एस-वाला 'ॲडव्हाइझ', मग 'शॅडो'. बहुतेकांच्या हाताला पाच-सहा शब्दच चिकटलेले निघतात. त्यांतला सर्वांत जास्त वापरातला एक घ्या, त्याचं एक पूर्ण वाक्य करा, आणि तो बोटांत बसेपर्यंत त्याच्या जोडीदाराकडे बघू नका. 'क्वाएट' पक्का होईपर्यंत 'क्वाइट' वापरूच नका; त्याच्या जागी 'व्हेरी' चालतो.

सीझनमध्ये हे सगळं कोलमडतं, कारण एका हातात गॅसची शेगडी आणि दुसऱ्यात फोन. बोलून टाइप करणाऱ्यांचं तर कानाचं दुखणं थेट पडद्यावर उमटतं: 'शिप' म्हणा, 'शीप' छापून येईल. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय'ची सोय आहे. नेहमीचे मेसेज, म्हणजे दर, रस्ता, जेवणाच्या वेळा, नाश्ता फुकट असल्याचं, हे पावसाळ्यात सवडीने नीट लिहून साठवून ठेवायचे आणि सीझनला तिरपी रेघ टाकून उचलायचे. फक्त साठवण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. साठवलेल्या मजकुरात 'शॅडो' राहिला, तर तो दिवाळीपासून मे अखेरपर्यंत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जाईल.